पोकर : पैजेची भाषा आणि तिचा इतिहास



मेंढीकोट, बदामसात, लाडीस, झब्बू, रमी हे पत्त्यांचे खेळ आपल्या घरांतून लहानथोर सर्वच खेळतात. त्यांत ज्याच्या हातीं चांगलीं पानें येतात आणि जो तीं शहाणपणानें टाकतो तो जिंकतो. पोकर हा खेळ जातीनेंच निराळा आहे. त्यांत सर्वांत चांगलीं पानें धरून बसलेला मनुष्य पुष्कळदां हरतो, आणि हातांत एकहि कामाचें पान नसलेला मनुष्य, पानें न दाखवितांच, मधली सारी रास ओढून नेतो. कारण पोकरमध्यें पानांइतकेंच, किंबहुना पानांहून अधिक, महत्त्व पैजेला आहे. पैज काढून घेतली तर लक्ष गुंतावें असें त्या खेळांत फारसें कांहीं उरत नाहीं.

म्हणून आज मी पोकरांतील पैज कशी लागते, तिचे शब्द कोणते, आणि तिचे नियम कां झाले एवढ्यापुरतेंच बोलणार आहें. नियम नुसते पाठ केले तर रुक्ष वाटतात आणि लवकर विसरतात. परंतु त्यांतील बरेचसे नियम कोणी तरी कोणाला तरी लुबाडल्यावर झालेले आहेत हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे ते सहसा विसरत नाहींत. जुगाराची भलामण करण्याचा माझा हेतु नाहीं. सार्वजनिक जुगाराला व जुगाराच्या अड्ड्यांना मनाई करणारा, १८८७ सालीं मुंबई इलाख्यांत झालेला कायदा महाराष्ट्रांत अजून चालू आहे, आणि २०२५ सालीं केंद्र सरकारनें आंतरजालावरील पैशांच्या खेळांनाहि बंदी केली आहे. तेव्हां माझ्या उदाहरणांतून सर्वत्र चिंचोकेच वापरले जातील.

पोकर हें नांव कोठून आलें याविषयीं सर्वांत पटण्याजोगा खुलासा असा आहे कीं, तें फ्रेंच लोकांच्या ‘पोक’ नांवाच्या खेळावरून आलें. त्या फ्रेंच खेळाचा भाऊबंद असा एक जुना जर्मन खेळ होता, आणि त्याच्या नांवाच्या मुळाशीं ‘ठोठावणें’ या अर्थाचें क्रियापद आहे. पैज लावणारा मेजावर हात आपटून आव्हान देई, ही कल्पना त्यांत असावी. लुइझियाना हा मुलूख फ्रेंचांकडून अमेरिकेनें १८०३ सालीं विकत घेतला, आणि त्याबरोबर न्यू ऑर्लिन्स हें शहर तेथील फ्रेंच चालीरीतींसह अमेरिकनांच्या हातीं आलें. तेथून मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून हा खेळ उत्तरेकडे चढला. इराणांतील ‘आस-नास’ या खेळापासून पोकर निघाला असें पूर्वीं कांहीं ग्रंथकार ठासून सांगत. आजचे बहुतेक इतिहासकार तें मान्य करीत नाहींत.

त्या नदीवरचा पोकर आजच्यासारखा नव्हता. जोसेफ कॉवेल नांवाच्या इंग्रज नटानें १८२९ सालीं आगबोटीवर पाहिलेल्या खेळाची हकीकत लिहून ठेविली आहे. त्याचें पुस्तक १८४४ सालीं निघालें. जोनाथन ग्रीन नांवाच्या, जुगार सोडून जुगाराविरुद्ध लिहूं लागलेल्या गृहस्थानें १८४३ च्या आपल्या पुस्तकांत याच खेळाचें वर्णन केलें, आणि त्याला नांव दिलें ‘फसवणुकीचा खेळ’. तेव्हां पानें फक्त वीस असत : एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या. चार खेळणारे, प्रत्येकास पांच पानें. म्हणजे सारा कॅट वाटून संपे. बदलून पान घ्यावयाचें नाहीं. पानें पाहावयाचीं आणि पैज लावावयाची, एवढाच खेळ.

यांत एक मोठें वैगुण्य होतें. चार एक्के हातांत आले तर त्या मनुष्याला कोणीहि हरवूं शकत नसे. चार राजे आणि एक एक्का आला तरीहि तेंच, कारण मग दुसऱ्या कोणापाशीं चार एक्के असणें शक्यच नव्हतें. अशा मनुष्याला कसलें साहस करावें लागत नसे. समोरचा किती खोल पाण्यांत उतरतो एवढेंच त्यानें पाहावयाचें. आणि पानें लावून वाटणाऱ्या ठगाला वीसच पानें सांभाळावयाचीं असल्यामुळें त्याचें काम सोपें झालें होतें. पुढें बावन्न पानांचा पूर्ण कॅट आला, पानें बदलून घेण्याची सोय झाली, एकाच रंगाचीं पांच पानें व ओळीनें येणारीं पांच पानें यांनाहि किंमत मिळाली. शेवटीं एकाच रंगाचीं ओळीचीं पांच पानें चार एक्क्यांच्याहि वर बसविण्यांत आलीं. त्या वेळीं जे वाद झाले त्यांत एक युक्तिवाद मला फार मार्मिक वाटतो : ज्या हाताला हार ठाऊक नाहीं अशा हातावर पैज लावणें सभ्य गृहस्थाला शोभत नाहीं, म्हणून सर्वांत मोठ्या हातालाहि भीति वाटण्याजोगें कांहीं तरी असलें पाहिजे.

कॉवेलनें आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. हा खेळ इंग्रजांच्या ‘ब्रॅग’वरून बेतलेला आहे असें तो म्हणतो. ब्रॅग म्हणजे बढाई. हा तीन पानांचा खेळ होता, आणि पत्त्यांच्या खेळांचा सुप्रसिद्ध शास्त्रकार एडमंड हॉइल यानें १७५१ सालीं त्यावर एक छोटें पुस्तक लिहिलें होतें. हाच ब्रॅग इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांत आला आणि येथें ‘तीन पत्ती’ झाला. दिवाळींत तीन पत्तीच्या बैठकीला बसलेल्या श्रोत्यांना म्हणून पोकरचे निम्मे शब्द आधींच ठाऊक आहेत. त्यांचें ‘बूट’ म्हणजे पोकरचा ‘अँटी’, वाटणीपूर्वीं प्रत्येकानें मध्यें टाकावयाची रक्कम. त्यांचा ‘पॅक’ तो पोकरचा ‘फोल्ड’, त्यांचा ‘शो’ तो ‘शोडाउन’. पानें न पाहतां खेळणारा ‘ब्लाइंड’ हा शब्द तर दोन्हीकडे आहे, मात्र अर्थ थोडा निराळा.

दोघां भावंडांत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे, आणि पोकरच्या पैजेचें सारें मर्म त्यांतच आहे. तीन पत्तींत प्रत्येक पाळीला चाल टाकीत राहावें लागतें; दोघे उरून एकानें ‘शो’ मागेपर्यंत तो ओघ थांबत नाहीं. पोकरमध्यें बरोबरी झाली कीं फेरी थांबते. मैदानांत राहिलेल्या प्रत्येकानें मध्यें सारखीच रक्कम घातली आणि प्रत्येकाला बोलण्याची संधि मिळाली, कीं त्या फेरीची पैज संपली. हें सूत्र हातीं धरलें म्हणजे बाकीचे शब्द आपोआप उलगडतात.

एक उदाहरण घेऊं. घरांतील चौघें जण बसलीं आहेत : वहिनी, मामा, मावशी आणि दादा, या क्रमानें डावीकडून. वाटणीचा मान वहिनींचा आहे, म्हणून त्यांच्यापुढें एक खुणेची चकती ठेवली आहे. तिला ‘बटन’ म्हणतात आणि ती दर डावाला एकेक घर पुढें सरकते. वहिनींच्या डावीकडचे मामा पानें पाहण्यापूर्वींच पांच चिंचोके मध्यें ठेवतात, हा ‘लहान ब्लाइंड’. त्यांच्या पुढच्या मावशी दहा ठेवतात, हा ‘मोठा ब्लाइंड’. असें कां? तर प्रत्येक डावांत भांडण्याजोगें कांहीं तरी मध्यें असावें, नाहीं तर उत्तम पानें येईपर्यंत सर्व जण नुसते बसून राहतील. पाळी फिरती असल्यामुळें हा कर सर्वांवर सारखा बसतो.

आतां पहिलें बोलणें दादाचें. त्याला तीन वाटा आहेत. दहा घालून बरोबरी करणें, हा ‘कॉल’. पानें टाकून देणें, हा ‘फोल्ड’. जें मध्यें गेलें तें गेलें. किंवा दहाच्या वर जाणें, हा ‘रेझ’. दादा तीस करतो. वहिनी तीस घालून कॉल करतात. मामा पानें टाकतात आणि त्यांचे पांच मध्येंच राहतात. मावशींचे दहा आधींच गेलेले आहेत, म्हणून त्यांनीं वीस घातले कीं बरोबरी झाली. मध्यें आतां पंचाण्णव आहेत. मावशींना याहि वर जावयाचें असतें तर त्यांना निदान पन्नास तरी करावे लागले असते. कारण दादानें दहावरून तीस, म्हणजे वीसची चढ केली, आणि नवी चढ मागल्या चढीहून लहान असूं नये असा नियम आहे. हा नियम नसेल तर एखादा गृहस्थ एकेक चिंचोका वाढवून सर्वांचा अंत पाहील.

या फेरीनंतरच्या फेऱ्यांत ‘चेक’ म्हणण्याची मुभा असते. चेक म्हणजे, कोणी पैज लावलेली नसल्यामुळें मीहि लावीत नाहीं, पण पानेंहि टाकीत नाहीं. एकदां कोणी पैज लावली कीं चेकचा हक्क संपला. चेक म्हणावयाचें, दुसऱ्यानें पैज लावली कीं मग तीच चढवावयाची, ही चाल आज शास्त्रोक्त आहे. परंतु पुष्कळ घरगुती बैठकींतून तिला दीर्घ काळ कपट समजत, आणि कांहीं बैठकींतून ती आजहि चालत नाहीं.

वहिनींपुढच्या त्या चकतीला जुन्या काळीं ‘बक’ म्हणत. सांबराच्या शिंगाची मूठ असलेला चाकू खुणेसाठीं ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. आपल्यावरची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणें याला इंग्रजींत ‘बक पुढें सरकविणें’ म्हणतात, तें येथूनच. पोकरचे शौकीन असलेले राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या मेजावर ‘बक येथें थांबतो’ अशी पाटी होती, ती पुष्कळांनीं चित्रांत पाहिली असेल.

आतां पानांची किंमत थोडक्यांत सांगतों. सर्वांत खालीं सुटीं पानें. मग एक जोडी, दोन जोड्या, एकाच मोलाचीं तीन पानें, ओळीचीं पांच, एका रंगाचीं पांच, तीन अधिक दोन, एकाच मोलाचीं चार, आणि सर्वांवर एका रंगाचीं ओळीचीं पांच. ही उतरंड मनाला येईल तशी रचलेली नाहीं. बावन्न पानांतून पांच पानांचे २५,९८,९६० हात होऊं शकतात. त्यांत एकच जोडी असलेले १०,९८,२४० आहेत, ओळीचे १०,२००, एका रंगाचे ५,१०८, चार सारख्यांचे ६२४, आणि एका रंगाच्या ओळीचे अवघे ४०. जें दुर्मिळ तें वर. ओळीचीं पानें जेव्हां नवीनच खेळांत आलीं तेव्हां त्यांना कोठें बसवावें यावर मतभेद झाले. ते अखेर गणितानें मिटविले.

आज सर्वांत रूढ असलेला प्रकार टेक्सास होल्डेमचा. टेक्सास राज्यांतील रॉब्सटाउन हें त्याचें जन्मस्थान होय असें त्या राज्याच्या विधिमंडळानें २००७ सालीं मान्य केलें. यांत प्रत्येकाला दोनच पानें झांकून मिळतात. मग मेजावर सर्वांसाठीं उघडीं तीन पानें येतात, नंतर एक, नंतर आणखी एक. त्यांना अनुक्रमें फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. पैजेच्या फेऱ्या चार : दोन पानें मिळाल्यावर एक, आणि प्रत्येक उघडणीनंतर एकेक. स्वतःचीं दोन व मेजावरचीं पांच अशा सातांतून उत्तम पांच निवडावयाचीं.

पैजेला मर्यादा किती, यावरून खेळाचे तीन वर्ग होतात. पहिल्यांत चढ ठराविकच. दुसऱ्यांत मध्यें असलेल्या राशीइतकी; येथें नवशिके चुकतात, म्हणून हिशेब सांगतों. मध्यें शंभर आहेत, दादानें पन्नास लावले. वहिनींनीं आधीं पन्नासांचा कॉल धरावयाचा, म्हणजे रास दोनशेंची झाली. आतां त्यावर दोनशेंपर्यंत चढवितां येईल. एकंदर अडीचशें. तिसरा वर्ग अमर्याद. आणि इतिहासाच्या दृष्टीनें खरी कथा याचीच आहे.

नदीवरच्या जुन्या खेळांत अमर्याद म्हणजे अक्षरशः अमर्याद असे. खिशांत हजार डॉलर असलेला मनुष्य शंभर असलेल्यासमोर हजार ठेवी, आणि त्या बापड्यानें उत्तम पानें असूनहि काय करावें? कर्ज काढावें, घड्याळ, घोडा, शेत लावावें, नाहीं तर पानें टाकावीं. श्रीमंतीच तेथें हुकमाचें पान होऊन बसली होती. त्यावर पहिला तोडगा निघाला तो ‘साइट’चा : जवळचें सर्व मध्यें ठेवून ‘एवढ्यापुरतें मला पाहूं द्या’ म्हणण्याचा हक्क. त्यांतूनच पुढें पक्का नियम झाला, ज्याला ‘टेबल स्टेक्स’ म्हणतात. डाव सुरू होतांना मेजावर जें तुमच्यापुढें आहे तेंच आणि तेवढेंच डावावर लावतां येईल. डाव चालू असतांना खिशांतून कांहीं काढावयाचें नाहीं, आणि मेजावरचें कांहीं गुपचूप खिशांत घालावयाचें नाहीं. आणि जवळचें सर्व ज्यानें लावलें त्याला कोणीहि पैशाच्या जोरावर हुसकून लावूं शकत नाहीं. यालाच ‘ऑल-इन’ म्हणतात. आज हा शब्द बेफाम साहसाच्या अर्थानें वापरतात, पण मुळांत तो गरिबाच्या संरक्षणाचा आहे.

त्याचा हिशेब असा. मामांजवळ पन्नासच आहेत; दादा व वहिनी प्रत्येकीं दोनशें लावतात. मामांचे पन्नास आणि दोघांचे पन्नास-पन्नास मिळून दीडशेंची मुख्य रास झाली. तिच्यासाठीं तिघेंहि झगडतील. उरलेल्या तीनशेंची बाजूची रास झाली. तिच्यावर मामांचा हक्क नाहीं. मामांचीं पानें सर्वांत सरस ठरलीं तर ते दीडशें घेतील, आणि तीनशें दादा व वहिनी यांपैकीं ज्याचीं पानें चांगलीं त्याला मिळतील. मामा पन्नासांहून अधिक गमावूं शकत नाहींत, आणि प्रत्येकाकडून पन्नासांहून अधिक जिंकूंहि शकत नाहींत.

हा नियम वाचतांना आपल्याकडच्या मनुष्याला हस्तिनापूरची द्यूतसभा आठवल्यावांचून राहत नाहीं. युधिष्ठिरानें धन हरल्यावर राज्य लाविलें, मग भाऊ, मग स्वतः, आणि मग द्रौपदी. फांशांतलें कपट शकुनीचें खरें; पण जें पटावर नाहीं तें पणाला लावतां येतें हा त्या सभेचा नियमच अनर्थाचें मूळ होता. आणि द्रौपदीनें भर सभेंत जो प्रश्न विचारला, आधीं स्वतःला हरलेल्या मनुष्याला मला लावण्याचा अधिकार उरला होता काय, तो खेळाच्या भाषेंत अगदीं हाच आहे. भीष्मासारख्यालाहि त्याचें सरळ उत्तर देतां आलें नाहीं. पोकरच्या मेजावर आज कोणीहि वाटणारा तें एका वाक्यांत देईल.

फसवणुकीच्या आणखी दोन वाटा नियमांनीं बुजविल्या. एक बोलण्याची. कोणी म्हणे, ‘तुमचे तीस मी घातले’, क्षणभर थांबून समोरच्याची मुद्रा न्याहाळी, आणि मग, ‘आणि वर पन्नास’. आतां तसें चालत नाहीं. चढवावयाचें असेल तर आधीं तसें स्पष्ट बोलावें किंवा सारी रक्कम एकाच हालचालींत पुढें करावी, आणि आपल्या पाळीला उच्चारलेला शब्द बंधनकारक मानावा. दुसरी वाट संगनमताची. दोघे आंतून मिळालेले, मध्यें तिसरा सांपडलेला. एकानें चढवावें, दुसऱ्यानें पुन्हां चढवावें, आणि मधल्याला पिळून काढावें. म्हणून ठराविक चढीच्या खेळांत एका फेरींत बहुधा तीनच चढी चालतात.

हे नियम बराच काळ तोंडींच होते आणि गांवोगांव बदलत. ते सभ्य दिवाणखान्यांत नेण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं रॉबर्ट शेंक यांचें. हे गृहस्थ १८७१ ते १८७६ पर्यंत लंडन येथें अमेरिकेचे वकील होते. एका इंग्रज घरीं पाहुणे असतांना त्यांनीं मंडळींना पोकर शिकविला. यजमानीणबाईंच्या आग्रहावरून नियम लिहून दिले, आणि बाईंनीं ते मित्रमंडळींसाठीं छापून घेतले. अमेरिकन वर्तमानपत्रांनीं आपल्या वकिलाची यथेच्छ टवाळी केली. परंतु शेंक यांची नोकरी गेली ती पोकरमुळें नव्हे. यूटामधील एमा नांवाच्या चांदीच्या खाणीचे शेअर विलायतेंत खपविण्यासाठीं त्यांनीं आपलें नांव दिलें होतें, ती खाण रिकामी निघाली, आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. ब्लफ पत्त्यांत करण्याचे नियम त्यांनीं दिले होते. शेअरबाजारांत ते लागू पडले नाहींत.

ब्लफविषयीं शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण याबाबत लोकांत मोठा गैरसमज आहे. पानें नसतांना जोराची पैज लावणें ही केवळ धीट माणसाची लहर आहे असें समजतात. हंगेरियन गणिती जॉन फॉन नॉयमन यानें १९२८ सालीं अशा खेळांचें गणित मांडलें, आणि १९४४ सालीं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत पोकरला स्वतंत्र प्रकरण दिलें. त्याच्या गणितांत असें निघालें कीं, जो केवळ चांगल्या पानांवरच पैज लावतो त्याची पैज कोणी स्वीकारणारच नाहीं. म्हणून मधूनमधून वाईट पानांवरहि ती लावलीच पाहिजे. आणि त्यासाठीं मध्यम प्रतीचीं पानें कामाचीं नाहींत, अगदीं टाकाऊ पानेंच योग्य. मध्यम पानांना पानें दाखविण्याच्या वेळीं थोडी आशा असते. टाकाऊ पानांना ब्लफखेरीज दुसरी वाटच नसते.

पुढें १९७० पासून लास व्हेगास येथें जागतिक स्पर्धा भरूं लागल्या. २००३ सालीं ख्रिस मनीमेकर नांवाच्या हिशेबनिसानें आंतरजालावरच्या एका लहानशा स्पर्धेंतून तेथें प्रवेश मिळविला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकले, तेव्हां हा खेळ जगभर पसरला. अखेरीस यंत्रांची पाळी आली. जानेवारी २०१७ मध्यें पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या यंत्रानें चार नामांकित खेळाडूंशीं मिळून १,२०,००० डाव खेळून त्यांना हरविलें. मध्यें रास अगदीं लहान असतांना हें यंत्र तिच्या अनेक पट पैज लावी, आणि समोरचे खेळाडू विचारांत पडत. परंतु त्यालाहि एका मर्यादेपलीकडे जातां येत नव्हतें : प्रत्येक डावाच्या आरंभीं यंत्रापुढें वीस हजार चकत्या असत, माणसापुढें वीस हजार, आणि मेजावर जेवढें असे तेवढेंच लावतां येई.